राखून ठेवलेला डाव

कागलच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. मेकॅनिकल झालाय, गोकुळ शिरगावला एका फाउंड्रीत तीन वर्षं क्वालिटीला होता. मग कुठल्या कंपनीनं न पाठवता, स्वतःच अर्ज करून, जर्मन शिकून, ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांसाठीच्या युरोपातल्या काम-परवान्यावर, दक्षिण जर्मनीतल्या एका ओतकामाच्या कारखान्यात गेला. अकरा महिने झालेत. तो लिहितो, ‘मला जे येतं ते कोणी विचारत नाही आणि त्यांना जे येतं ते मला कोणी सांगत नाही. मीटिंगमध्ये दोनदा बोललो, कोणी मनावर घेतलं नाही. आता कायमच्या परवान्याचे सत्तावीस महिने पुरे होईपर्यंत गप्प बसावं असं वाटतंय. वडिलांची शिरोलीत छोटी फाउंड्री आहे. परत आलो तर इथं शिकलेलं तिथं वापरता येईल का, की तो गुन्हा होईल?’

अरे-तुरे करतो, राग मानू नको, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे. मी 2007 साली जर्मनीतल्या आखेनला शिकायला गेलो, तिथंच स्वतःच्या स्वतः नोकरी शोधली आणि 2016 ला परत आलो. तेव्हापासून शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित वसाहतीतल्या फाउंड्र्यांचं रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, कमी करून देणं हा माझा धंदा. तुझ्या जागी मी बसलोय आणि तुझ्या साहेबाच्या जागीही.

आधी तुला कोणी का विचारत नाही ते बघू. तुझ्याच कारखान्यात समज पुण्याच्या त्यांच्या प्लांटमधून कंपनीनं पाठवलेला एखादा इंजिनियर आहे. तो कशासाठी आलाय हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या नावानं पत्र निघालेलं असतं, परतीची तारीख ठरलेली असते, त्याच्या रिपोर्टची पुण्यात कोणीतरी वाट बघत असतं. तुझं तसं नाही. तुझ्या फाइलमध्ये बायोडेटा, डिग्री तिकडच्या तोडीची असल्याचा कागद, व्हिसाची झेरॉक्स आणि पगाराचा आकडा एवढंच आहे. एक जागा रिकामी होती, ती तू भरलीस. तुला पावसाळ्यातल्या कोअरचं, म्हणजे ओतलेल्या वस्तूच्या आतली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या ठोकळ्याचं, काय कळतं, ओलसर वाळूवर मोल्ड, म्हणजे बाहेरचा साचा, कसा धरायचा हे कुठल्या रकान्यात लिहिणार? फिनलंडच्या इंजिनियरांवर सुटारी आणि ब्रूस्टर या दोघांनी केलेला अभ्यास 2000 साली आला. कंपनीनं पाठवलेले आणि आपल्या आपण गेलेले हे दोन वेगळे गट आहेत, हे त्यात नीट मांडलंय. त्याआधी परदेशी कर्मचारी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पाठवलेलाच यायचा. कारखान्यात तर आजही तोच येतो. त्यामुळं कोणी विचारलं नाही याला अपमान समजू नकोस. काय विचारायचं हेच त्यांना ठाऊक नाही.

आता मीटिंगमध्ये बोललास त्याचं. मीही बोललो होतो.

2011 चा ऑगस्ट. आमच्याकडं हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी ओतल्या जायच्या. आतली गल्ल्याबोळांसारखी पोकळी सगळी कोअरनं बनायची, कोल्ड बॉक्सचे, म्हणजे न तापवता रसायनानं घट्ट केलेले कोअर. सोमवारी ओतलेल्या मालात ब्लोहोल, म्हणजे वायूची भोकं, निघायचे, बुधवारपर्यंत कमी व्हायचे, शुक्रवारी जवळजवळ नाहीतच. मेटलर्जीवाले म्हणायचे लॅडलचं, म्हणजे वितळलेला धातू ओतायच्या भांड्याचं, अस्तर शनिवार-रविवारात ओल धरतं. कोणी ओतायच्या तापमानावर घसरायचं. मी हात वर केला आणि म्हणालो, ‘आमच्या कोल्हापुरात पावसाळ्यात असंच होतं. कोअर शिळे आहेत.’ कोअर शॉपचा माइस्टर, म्हणजे तिथला मुख्य कारागीर, साठीला आलेला माणूस. तो शांतपणे म्हणाला, ‘इथं पावसाळा नसतो.’ चारजण हसले आणि विषय पुढं गेला.

त्या रात्री मी शिरोलीतल्या आमच्या जुन्या कोअर शॉपच्या मुकादमाला फोन लावला. खरं तर रडगाणं गायलाच लावला होता. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘साहेब, कोअर दाखवा की त्यांना. नुसतं तोंडानं काय सांगताय?’

शुक्रवारी दुपारी मी दहा कोअर बाजूला काढले, खडूनं नंबर घातले, वजनं केली. त्याच मिश्रणाच्या टेस्ट बार बनवून घेतल्या, निम्म्या त्याच दिवशी मोडल्या, निम्म्या कोअरशेजारी रॅकवर ठेवल्या. शनिवारी गडगडाटी पाऊस झाला. सोमवारी पहाटे पुन्हा वजनं केली. तीन किलोच्या आतबाहेरचे कोअर, प्रत्येकी तीन-चार ग्रॅमनं वाढलेले. उरलेल्या बार मोडल्या, ताकद एक तृतीयांशानं उतरलेली. एका कागदावर दोन रकाने काढले, शुक्रवार आणि सोमवार. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी तो कागद माइस्टरच्या टेबलावर ठेवला. त्यावर वाक्य एकही लिहिलं नव्हतं, कोल्हापूरचं नाव तर नाहीच.

त्यानं उभ्या उभ्या वाचला. ‘चल’ म्हणाला आणि मला कोअरच्या गोदामाच्या मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथं एक शटर होतं. शनिवारी मेंटेनन्सवाले येतात, गाड्या आत-बाहेर करतात आणि हवा खेळावी म्हणून ते शटर दिवसभर उघडं टाकतात. मी शनिवारी कधी गेलोच नव्हतो, मला ते माहीत असायचं कारण नव्हतं. कोअर ओल धरतो हे मला माहीत होतं, शटर उघडं असतं हे त्याला. दोघांपैकी एकालाही एकट्याला काही सापडलं नसतं.

यात माझी चूक कुठं होती, ते मला पुढं बऱ्याच वर्षांनी एका अभ्यासात सापडलं. शुलान्स्की नावाच्या अभ्यासकानं 1996 साली आठ कंपन्यांमधल्या 122 प्रकरणांचा अभ्यास केला. एका विभागातली चांगली पद्धत त्याच कंपनीच्या दुसऱ्या विभागात का जात नाही, हा त्याचा प्रश्न. सगळ्यांचा समज असा की लोक मुद्दाम सांगत नाहीत किंवा घ्यायला तयार नसतात. त्याला मोठे अडथळे सापडले ते वेगळेच: घेणाऱ्याला ते पचवण्याची तयारी नसणं, ती पद्धत नेमकी कशामुळं चालते हे कोणालाच नीट माहीत नसणं, आणि दोघांमधलं नातं अवघड असणं. माझ्या त्या एका वाक्यात तिन्ही होतं. ‘कोल्हापुरात असं होतं’ म्हणालो, का होतं ते सांगितलं नाही. ऐकणाऱ्यानं कोल्हापूर नकाशावर पाहिलेलं नाही, पाऊस पाहिलेला नाही. आणि पंधराजणांसमोर त्याच्याच शॉपचे कोअर शिळे म्हणालो, मग नातं कसलं राहतंय?

तेव्हा तुझ्या त्या दोन मीटिंगा विसर. मीटिंग ही ठरलेलं सांगायची जागा आहे, तिथं नवीन कळत नाही. शिफ्ट बदलताना दहा मिनिटं दोन्ही पाळ्यांचे लोक लाइनवर एकत्र असतात, तिथं थांब. तुझी शिफ्ट नसली तरी थांब. रिजेक्शनच्या ढिगाऱ्यापाशी जाऊन कास्टिंग हातात घे आणि विचार, ‘हे असं केव्हापासून निघतंय?’ सांगण्याच्या आधी विचार. तिकडचा अनुभवी कामगार साहेबाच्या सूचनेला नाक मुरडेल, पण त्याच्या कामाबद्दल खरा प्रश्न विचारणाऱ्याला तो उभा राहून उत्तर देतो. आणि तो देतो तेव्हा त्याच्या बोलण्यात आजवरच्या साऱ्या हिवाळ्यांचा हिशेब असतो.

एक भाषेचं सांगतो. आपण ‘बघूया की’ म्हणतो तेव्हा आपल्याला कळतं की ते बहुतेक ‘नाही’ आहे. त्यांना ते ‘हो’ वाटतं. आपण ऐकताना मान हलवत ‘हो, हो’ करतो, म्हणजे ‘ऐकतोय’. ते समजतात ‘समजलं’. मग पुन्हा सांगत नाहीत, आणि आपण खोलीवर येऊन म्हणतो की हे लोक काही सांगतच नाहीत. मी पहिलं वर्षभर हे केलं. एकदा एका सहकाऱ्यानं वैतागून विचारलं, ‘तू हो म्हणालास तर मग केलं का नाहीस?’ तेव्हापासून ऐकलेलं माझ्या मोडक्या जर्मनमध्ये परत म्हणून दाखवायची सवय लावली. हसतात, चुका काढतात आणि चुका काढता काढता निम्मं जास्तीचं सांगून जातात.

आता दुसरी बाजू, ते का सांगत नाहीत. आपल्या गंगावेशीच्या किंवा मोतीबागेच्या तालमीत कुणालाही विचार, वस्ताद सगळे डाव शिकवतो पण एक राखून ठेवतो. चेला उद्या उलटला तर? तुझ्या साहेबाच्या मनात हेच असतं, फक्त तो बोलत नाही. तू आपणहून आलास, म्हणजे आपणहून जाशील. पाठवलेला माणूस परत गेला तरी त्याच कंपनीत असतो, तू मात्र शेजारच्या कारखान्यात जाशील. ब्लू कार्डवर पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलायची तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावं लागतं आणि ते तीस दिवस अडवून तपासू शकतात. त्यानंतर तेवढीही अडचण नाही. हे साहेबालाही माहीत आहे. तुझं वर्ष भरत आलंय, तो जरा जास्तच जपून बोलत असेल.

आणि तूही डाव राखतोयसच की. ‘सत्तावीस महिने गप्प बसतो’ म्हणजे दुसरं काय? बाय द वे, जर्मन बी-वन पातळीपर्यंत नेलंस तर कायमचा परवाना सत्तावीसऐवजी एकवीस महिन्यांत मिळतो. तेवढ्यासाठी तरी गप्प बसू नकोस, बोल आणि भाषा सुधार.

मला त्या माइस्टरनं राखलेला डाव कधी दाखवला, सांगतो. शटरच्या प्रकरणानंतर दोनेक महिन्यांनी. संध्याकाळी हात धुताना म्हणाला, ‘तुला आकडे आवडतात ना?’ आणि ड्रॉवरमधून एक चौकोनी रेघांची वही काढली. लाइन थांबली आणि धातू लॅडलमध्ये वाट बघत राहिला की इनॉक्युलेशनचा, म्हणजे ओतायच्या आधी धातूची घडण नीट व्हावी म्हणून मिसळतात त्या पुडीचा, परिणाम उतरत जातो, हे कुठल्याही पुस्तकात असतं. पुस्तकात दहा-पंधरा मिनिटं असं ढोबळ लिहिलेलं असतं. त्याच्या वहीत प्रत्येक जॉबसाठी वेगळी मिनिटं होती, पातळ भिंतीच्या कास्टिंगसाठी फार कमी, आणि कुठल्या दिवशी मिनिट ओलांडून ओतलं तर मशिनिंगला टूल कसं बोंबललं तेही. ही वही कंपनीच्या कुठल्या सिस्टिममध्ये नव्हती. सिस्टिम बसवणाऱ्यांनी त्याला विचारलंच नव्हतं. म्हणजे तोही तुझ्यासारखाच, न विचारलेला.

त्यानं ती वही दाखवली कारण मी आधी काहीतरी दिलं होतं आणि ते देताना त्याला चारचौघांत खाली पाडलं नव्हतं. माझ्या मते सगळं घोडं इथंच अडतं. आधी कोणी द्यायचं? तत्त्वानं कंपनीनं, कारण ताकद तिच्याकडं आहे. व्यवहारात आलेल्यानं, कारण गरज त्याला आहे. हे न्याय्य नाही, पण असंच आहे.

आधी देताना स्वतःचा हात मात्र सोडवून ठेव. तुझी सूचना नुसती सूचना असेल तर बऱ्याच कंपन्यांमध्ये सूचना योजना असते, बक्षीसही असतं आणि तिथल्या कामगार समितीचं, म्हणजे बेट्रिब्सराटचं, त्यावर लक्ष असतं. तिथं नोंदव, तारखेसकट. पण तू शोधलेलं पेटंट घेण्याजोगं असेल तर प्रकरण वेगळं. जर्मनीत 1957 पासून कर्मचाऱ्यांच्या शोधांसाठी स्वतंत्र कायदा आहे. कामातून लागलेला शोध कंपनीला लेखी कळवावा लागतो, ईमेल चालतो. कंपनीनं चार महिन्यांत तो तुला मोकळा करून दिला नाही तर तो तिनं घेतला असं धरलं जातं, आणि मग तुला वाजवी मोबदला द्यावा लागतो. आपल्याकडच्या नोकरीत असलं काही कानावर आलेलं नसतं, म्हणून आपली पोरं चहा पिता पिता शोध सांगून मोकळी होतात.

शिरोलीचं विचारलंस. जे डोक्यात आणि हातात मुरलंय ते तुझं आहे. युरोपातला 2016 चा व्यापारी गुपितांचा निर्देश हेच म्हणतो: नोकरी करता करता सरळ मार्गानं मिळवलेला अनुभव आणि कसब वापरायला कर्मचाऱ्याला अडवता येत नाही. त्यावर आधारलेला जर्मनीतला कायदा 2019 चा. पण त्याच कायद्यात कंपनीनं जपून ठेवलेली माहिती उचलून नेणं हा गुन्हा आहे, शिक्षा तुरुंगाची किंवा दंडाची. म्हणजे वाळू कशी बघायची, सोमवारच्या कोअरवर संशय कसा घ्यायचा, दोन रकान्यांचा कागद कसा करायचा, हे बिनधास्त घेऊन ये. कोअर बॉक्सचं ड्रॉइंग, वाळू बांधणाऱ्या बाइंडरचं त्यांचं प्रमाण असलेली एक्सेल, ग्राहकांची यादी यातलं काही पेनड्राइव्हवर आणू नकोस, फोनमधल्या फोटोतसुद्धा नको. माइस्टरच्या वहीचे मी फोटो काढले नाहीत. आजही त्यातलं जे लक्षात राहिलं तेच वापरतो, आणि आपल्या वितळीला ते आकडे तसेच्या तसे लागूही पडत नाहीत. नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडं जाऊ नये अशी अट करारात असेल तर ती जास्तीत जास्त दोन वर्षांची असते आणि त्या काळात कंपनीला तुझ्या शेवटच्या कमाईच्या निम्मी तरी रक्कम द्यावी लागते. शिरोलीची छोटी फाउंड्री त्यांची स्पर्धक ठरेल का, हे करार वाचल्याशिवाय सांगता येत नाही. तिथल्या वकिलाला एकदा दाखव.

तुझ्या साहेबाशी बोलायची वेळ आली तर मी त्याला काय सांगेन? तिकडच्या दोन कंपन्यांनी मला हे विचारलंय, त्यांना सांगितलं तेच. आपण होऊन आलेल्या माणसाला ‘काही सूचना आहेत का?’ असं विचारू नका. तो नम्रपणे नाही म्हणेल. त्याला विचारा, ‘आधीच्या कारखान्यात सगळ्यात जास्त काय बिघडायचं आणि तुम्ही काय करायचा?’ मग तो तासभर बोलतो. एका कंपनीनं हे सहा महिने झालेल्या नव्या लोकांसोबत सुरू केलं, कॅन्टीनमध्ये नाही, मशीनशेजारी उभं राहून. पहिल्याच वेळी फिलिपिन्सच्या एका फिटरनं सांगितलं की त्यांच्याकडं वीज इतकी जायची की फर्नेस थंड न होऊ देता तासभर कशी सांभाळायची हे त्याला झोपेतही येतं. त्या कंपनीत आणीबाणीची कार्यपद्धती चाळीस पानांची होती आणि ती कोणी वाचलेली नव्हती. दुसरं एवढंच सांगितलं, की त्यानं सांगितलेल्याचं पुढं काय झालं ते त्याला कळवा. वापरलं नाही तर का नाही तेही. नकार पचतो. काहीच उत्तर न येणं पचत नाही.

माणसाला आसरा दिला की विद्या मागोमाग राहते, याला कोल्हापूरच साक्षी आहे. अल्लादिया खाँसाहेब आजच्या राजस्थानातल्या उणियाऱ्याचे. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी गायक म्हणून ठेवून घेतलं. 1922 ला महाराज गेले, खाँसाहेब मुंबईला गेले. तोवर ती गायकी इथं रुजली होती. धाकटे चिरंजीव भुर्जी खाँ कोल्हापुरात शिकवत राहिले. कोणी ती लिहून घेऊन फाइल केली नव्हती, समोर बसून घेतली होती. महाराजांनी नोकरी सोडून जाशील का म्हणून बाँड लिहून घेतला असता तर काय झालं असतं, याचा विचार करून मला हसू येतं. आपल्याकडचे काही मालक आज ट्रेनिंगला पाठवताना बाँडच आधी काढतात.

मालकांचा विषय निघालाच आहे तर तुझ्या घरापर्यंत येतो. शिरोलीतल्या फाउंड्र्यांमध्ये मोल्डिंगला कोण आहेत? बिहार, झारखंड, ओडिशा, उत्तर प्रदेशातली माणसं. कुठल्या कंपनीनं पाठवलेली नाहीत, गाववाल्याच्या ओळखीनं आपली आपण आलेली. देश एकच, पण भाषा वेगळी, जेवण वेगळं आणि फाइलमध्ये आधार कार्डाची झेरॉक्स.

दोन वर्षांमागं एका मालकानं मला वाळूच्या तक्रारीसाठी बोलावलं. मोल्ड कडेला फुटत होते, कास्टिंगवर वाळूचे डाग येत होते. दोन दिवस मी ओलावा मोजला, वाळू धरून ठेवणारी बेंटोनाइट माती मोजली, परतीच्या वाळूत थर्मामीटर खुपसला. वाळू पन्नास अंशांच्या वर तापलेली, थंड व्हायच्या आधीच पुन्हा मिक्सरमध्ये जात होती. उत्पादन वाढवलं होतं, वाळू तेवढीच ठेवली होती. शेवटच्या दिवशी बाहेर चहाच्या गाड्यावर एका झारखंडच्या मोल्डरशी गप्पा झाल्या. आधी आठ वर्षं राजकोटला होता. मी म्हणालो, वाळू गरम आहे. तो म्हणाला, ते पहिल्या आठवड्यातच हाताला कळलं होतं, राजकोटला असंच झालं तेव्हा शेठनं वाळूचा साठा वाढवला होता. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? त्यानं कप ठेवला आणि म्हणाला, ‘पूछा किसने?’

मालकाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, मग तुम्हाला कशाला बोलावलं? बरोबर होतं त्याचं, बिल निम्मं केलं.

तर त्या दोन रकान्यांच्या कागदापासून सुरुवात कर, शुक्रवार आणि सोमवार. आणि येत्या रविवारी घरी फोन करशील तेव्हा वडिलांना एवढं विचार, आपल्याकडचा मोल्डर आधी कुठं कामाला होता. त्यांना माहीत असेल तर मला कळव.